बालसेवांमधील नोंदलेखन आणि सामाजिक कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण : सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाविषयीचे महत्त्वाचे निर्णय बालकल्याण समितीसमोर येणाऱ्या लेखी अहवालांच्या आधारे घेतले जातात. त्यामुळे अहवाल लिहिणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्याचे नोंदलेखन बालकाच्या भवितव्याशी थेट जोडलेले असते. प्रस्तुत लेखात नोंदलेखनाची संकल्पना, त्याची कायदेशीर चौकट, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सामाजिक वास्तवामुळे निर्माण होणाऱ्या विशेष गरजा, नोंदींतील नेहमीच्या उणिवा आणि प्रशिक्षणाचा आशय व पद्धती यांचे विवेचन करण्यात आले आहे.

बीजसंज्ञा : बालसेवा, सामाजिक तपासणी अहवाल, नोंदलेखन, गोपनीयता, प्रशिक्षण, सिंधुदुर्ग.

१. प्रस्तावना

कणकवली तालुक्यातील तळेरे हे गाव रस्त्यांच्या संगमावर वसलेले आहे. मुंबई-गोवा महामार्ग येथून उत्तर-दक्षिण जातो. पश्चिमेकडील रस्ता विजयदुर्गास, तर पूर्वेकडील रस्ता वैभववाडी व गगनबावडामार्गे कोल्हापुरास पोहोचतो. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर या परिसराचे दळणवळण आणखी वाढले. घरातून निघून गेलेले किंवा वाट चुकलेले एखादे बालक अशा ठिकाणी आढळल्यास ते काही तासांत दुसऱ्या जिल्ह्यात अथवा दुसऱ्या राज्यातही पोहोचू शकते. बालक पुढे जाते, त्याला प्रथम भेटलेला कार्यकर्ता मात्र मागे राहतो. अशा वेळी बालकासोबत जाणारी एकच गोष्ट त्याची कहाणी सांगू शकते आणि ती म्हणजे त्याच्याविषयीची नोंद.

समाजकार्याच्या शिक्षणात मुलाखत, गृहभेट, समुपदेशन या कौशल्यांवर भर दिला जातो. नोंदलेखन मात्र अनेकदा क्षेत्रकार्याच्या दैनंदिनीपुरते मर्यादित राहते. पदवी घेऊन बाहेर पडलेला कार्यकर्ता संस्थेत रुजू होतो, तेव्हा जुन्या फायली पाहून तो लिहावयास शिकतो आणि त्या फायलींतील दोषही सहज उचलतो. म्हणून नोंदलेखन हा प्रशिक्षणाचा स्वतंत्र विषय मानणे आवश्यक ठरते.

२. उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) बालसेवांमधील नोंदीचे स्वरूप व महत्त्व स्पष्ट करणे.
२) नोंदलेखनासंबंधीच्या कायदेशीर तरतुदींचा परिचय करून देणे.
३) सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या संदर्भात नोंदलेखनाच्या विशेष गरजा मांडणे.
४) सामाजिक कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाची रूपरेषा सुचविणे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रात निराधार बालकांच्या संगोपनाची परंपरा जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. १८७५ मध्ये पंढरपूर येथेही अशाच कार्याचा आरंभ झाला. या संस्थांचा आधारच गुप्ततेच्या आश्वासनावर उभा होता. मातेचे नाव बाहेर फुटले असते, तर संस्थेकडे कोणी वळलेच नसते. नोंद ठेवणे आणि ती जपणे या दोन जबाबदाऱ्या एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत, हे या परंपरेवरून दिसून येते.

१९२४ च्या मुंबई बालक अधिनियमानंतर १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटीची स्थापना झाली. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू होऊन भारतात व्यावसायिक समाजकार्याच्या शिक्षणाचा पाया घातला गेला. हीच संस्था पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये ‘सोशल डायग्नोसिस’ या ग्रंथात व्यक्तिसहाय्य कार्यासाठी पुरावा पद्धतशीरपणे गोळा करण्याची व तपासण्याची आवश्यकता मांडली होती. ऐकीव माहिती, प्रत्यक्ष निरीक्षण आणि अनुमान यांत भेद करावा, हे त्या ग्रंथातील सूत्र आजच्या नोंदलेखनालाही तितकेच लागू पडते.

४. कायदेशीर चौकट

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेस भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्यता दिली. या संहितेच्या सातव्या अनुच्छेदात जन्मनोंदणीचा, तर आठव्या अनुच्छेदात स्वतःची ओळख टिकविण्याचा हक्क बालकास देण्यात आला आहे. नाव, कुटुंब व राष्ट्रीयत्व यांचा पुरावा कोठेतरी लिहून ठेवलेला असेल, तरच हा हक्क प्रत्यक्षात येऊ शकतो.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्यातील पुढील तरतुदी नोंदलेखनाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकास प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर हजर करावे लागते. कलम ३६ नुसार सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण करावयाची असते, जेणेकरून बालकास प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांच्या आत समितीस अंतिम आदेश देता येईल. अधिनियमाखालील आदर्श नियमांत सामाजिक तपासणी अहवाल, वैयक्तिक काळजी आराखडा, बालकाचा पूर्वेतिहास इत्यादींचे नमुने विहित केलेले आहेत.

कलम ३ मधील मूलभूत तत्त्वेही नोंदलेखनाशी निगडित आहेत. बालकाविषयी आरोपात्मक अथवा कलंक लावणारे शब्द वापरू नयेत, त्याच्या खाजगीपणाचा आदर राखावा, निर्णयप्रक्रियेत त्याचा सहभाग असावा आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय असावा, अशी ही तत्त्वे आहेत. कलम ७४ नुसार बालकाची ओळख उघड करणे हा सहा महिन्यांपर्यंतचा कारावास, दोन लाख रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही शिक्षांस पात्र असा अपराध आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ मध्येही पीडित बालकाची ओळख जपण्याचे बंधन आहे.

वय निश्चित करण्यासंबंधीचे कलम ९४ कार्यकर्त्याने विशेष लक्षात ठेवावे. बालकाकडे पाहून वयाविषयी वाजवी शंका राहिल्यास प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महानगरपालिका, नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी, असा पुराव्याचा क्रम त्यात ठरवून दिला आहे. कार्यकर्त्याने शाळेचा शोध न घेता ‘दाखला उपलब्ध नाही’ असे लिहिल्यास बालकास अनावश्यक चाचणीस सामोरे जावे लागते.

५. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विशेष गरजा

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ८,४९,६५१ होती. जिल्हा लहान असला तरी येथील सामाजिक रचनेमुळे नोंदलेखनात काही खास प्रश्न उद्भवतात. मुंबई वा दिल्लीत तयार झालेल्या छापील नमुन्यांत त्यांची उत्तरे आपोआप मिळत नाहीत.

पहिला प्रश्न चाकरमानी कुटुंबांचा आहे. आईवडील नोकरीनिमित्त मुंबईत आणि मुले गावी आजीआजोबांकडे, ही कोकणातील परिचित व्यवस्था होय. नमुन्यात ‘आईवडील हयात आहेत काय?’ एवढाच प्रश्न असेल, तर ‘होय’ या उत्तराने खरी स्थिती कळत नाही. बालकाचे दैनंदिन संगोपन कोण करते, खर्च कोण पाठविते, दवाखान्यात कोण नेते आणि शाळेत पालक म्हणून सही कोण करते, हे स्वतंत्रपणे लिहावे लागते.

गृहभेटीचा काळही तितकाच महत्त्वाचा आहे. गणेशोत्सवात किंवा शिमग्याला भेट दिल्यास घर माणसांनी भरलेले दिसते. त्यावरून ‘कुटुंबाचा भक्कम आधार आहे’ असा निष्कर्ष काढला जाण्याचा संभव असतो. आठ-दहा दिवसांनी त्याच घरात वृद्ध आजी व बालक एवढेच उरतात. म्हणून भेटीचा दिनांक, वेळ, सणाचे वा शेतीच्या हंगामाचे दिवस आणि त्या वेळी उपस्थित असलेल्या व्यक्ती यांची नोंद झालीच पाहिजे.

दुसरा प्रश्न पत्ता व नावांचा आहे. कोकणातील गाव वाड्यांमध्ये विखुरलेले असते. एकाच गावात एकाच आडनावाची अनेक घरे असतात आणि घरात हाक मारण्याचे नाव शाळेतील नावाहून वेगळे असते. ‘मु. पो. तळेरे’ एवढ्या पत्त्यावरून दुसऱ्या जिल्ह्यातील कार्यकर्त्यास घर सापडणार नाही. वाडी, जवळची खूण, शाळेतील नाव व हाकेचे नाव या चारही बाबी लिहाव्यात.

जन्मस्थळाबाबतही असाच घोटाळा होतो. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रीत असल्याने मुलाचे गाव एक आणि जन्मनोंद दुसऱ्या ठिकाणी, असे घडते. जन्माची नोंद जन्म जेथे झाला तेथे होत असल्याने ‘गाव कोणते?’ या प्रश्नाऐवजी ‘बाळंतपण कोठे झाले?’ असे विचारल्यास दाखल्याचा शोध लवकर लागतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या सुधारणेमुळे १ ऑक्टोबर २०२३ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक बाबतींत जन्मदाखला हाच जन्माचा आधार ठरला असल्याने या शोधाचे मोल वाढले आहे.

तिसरा प्रश्न स्थलांतरित मजुरांच्या मुलांचा आहे. देवगड परिसरातील आंबा बागांत राखणीसाठी नेपाळी कुटुंबे येतात. चिरेखाणींवर व मासेमारी नौकांवरही परप्रांतीय मजूर काम करतात. हंगाम संपताच कुटुंब निघून जाते आणि फाईल अपुरी राहते. अशा बालकांच्या बाबतीत मूळ गाव, जिल्हा, बोलली जाणारी भाषा, दुभाष्या कोण होता आणि कुटुंब पुढे कोठे जाणार आहे, हे पहिल्याच भेटीत नोंदविणे आवश्यक असते. बालक गोव्यात गेल्यास तेथे केंद्रीय कायद्याबरोबर २००३ चा गोवा बालक अधिनियमही लागू असतो. तेव्हा सीमेपलीकडील अधिकाऱ्यासही समजेल अशी नोंद असणे हिताचे ठरते.

चौथा प्रश्न बोलीचा आहे. बालक मालवणीत बोलते, कार्यकर्ता प्रमाण मराठीत लिहितो आणि अहवाल कधी इंग्रजीत जातो. ‘माका आजयेक सोडून खंय जावचा नाय’ असे बालक म्हणाले असेल आणि अहवालात ‘बालक घरी राहण्यास इच्छुक’ एवढेच उतरले, तर आजी हा त्या बालकाच्या जीवनातील मुख्य आधार आहे, ही गोष्टच गळून पडते. म्हणून बालकाचे महत्त्वाचे उद्गार त्याच्याच शब्दांत अवतरणचिन्हांत लिहावेत व त्याखाली अर्थ द्यावा.

६. नोंदींतील नेहमीच्या उणिवा

उणिवा स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. सामाजिक तपासणी अहवालात पुढील मजकूर आहे, असे समजू :

“घरची परिस्थिती अत्यंत वाईट. वडील व्यसनी, आई बेजबाबदार. मुलगा हट्टी व खोटे बोलणारा आहे. संस्थेत ठेवणे योग्य.”

या चार वाक्यांत दिनांक नाही, माहितीचा स्रोत नाही आणि निरीक्षणही नाही. सर्व शब्द निवाड्याचे आहेत. हीच भेट पुढीलप्रमाणे नोंदविता आली असती :

“१२ जून रोजी सकाळी ११ वाजता पूर्वसूचनेशिवाय गृहभेट दिली. आजी व बालक उपस्थित. वडील बोटीवर कामास गेल्याचे आजीने सांगितले. वडील मद्यपान करतात, असे शेजारील एका व्यक्तीने सांगितले. आजीने त्यावर बोलण्याचे टाळले. आई दोन वर्षांपासून मुंबईत घरकाम करते व दरमहा पैसे पाठविते, असे आजीचे म्हणणे. आईशी अद्याप संपर्क झालेला नाही. घरात तांदूळ व डाळ दिसली. बालकाने काल शाळेत गेल्याचे सांगितले. शाळेच्या हजेरीपटात तो गैरहजर आहे. कारण विचारता, आजीला ताप असल्याने घरी थांबल्याचे त्याने सांगितले. कार्यकर्त्याचे मत : आजीचे संगोपन प्रेमाचे आहे, परंतु तिच्या प्रकृतीमुळे ते अपुरे पडत आहे. पुढील कार्यवाही : आईशी संपर्क, आजीची आरोग्य तपासणी.”

दोन्ही नोंदी एकाच घराविषयी आहेत. पहिली वाचल्यास समितीसमोर संस्थेशिवाय दुसरा मार्ग दिसत नाही. दुसरीत आजी, आई आणि आजारपणाचे तात्कालिक कारण पुढे येते. ‘खोटे बोलणारा’ मुलगा प्रत्यक्षात आजारी आजीची काळजी घेत होता, हे कळते आणि शासनाच्या बालसंगोपन योजनेसारख्या कुटुंबाधारित साहाय्याचा विचार शक्य होतो. बालकाचे घर सुटणे अथवा टिकणे हे अशा प्रकारे लिहिणाऱ्याच्या शब्दांवर ठरू शकते.

याशिवाय पुढील उणिवाही आढळतात : पूर्वीच्या अहवालातील मजकूर तसाच उतरविणे, सर्व बालकांसाठी एकाच ठशाचा काळजी आराखडा लिहिणे, भेटीनंतर अनेक दिवसांनी आठवणीवरून नोंद करणे, घेतलेल्या निर्णयाचे कारण न देणे आणि फाईल बंद करताना शेवटचा गोषवारा न लिहिणे. यामागे केवळ निष्काळजीपणा असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. बाल संरक्षण यंत्रणेतील अनेक कर्मचारी कंत्राटी स्वरूपात काम करतात, प्रवासाची अंतरे मोठी असतात आणि एकच माहिती फाईल, नोंदवही व संगणक अशा तीन ठिकाणी भरावी लागते. प्रशिक्षणाचा विचार करताना या वास्तवाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

७. अन्य देशांचा अनुभव

लंडनमध्ये फेब्रुवारी २००० मध्ये व्हिक्टोरिया क्लिंबिए या आठ वर्षांच्या मुलीचा नातेवाइकांच्या छळामुळे मृत्यू झाला. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशी अहवालाने (२००३) निदान १२ प्रसंगी तिला वाचविण्याची संधी यंत्रणांस मिळाली होती, असे दाखवून दिले. अपुऱ्या नोंदी आणि एका यंत्रणेची माहिती दुसरीस न पोहोचणे, हे दोष त्यात ठळकपणे पुढे आले.

नोंदीचा दुसरा पैलू गॅस्किन विरुद्ध युनायटेड किंग्डम (१९८९) या खटल्यात दिसतो. सरकारी देखरेखीत वाढलेल्या व्यक्तीस स्वतःच्या बालपणाची फाईल पाहू न देण्याच्या प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्या व्यक्तीच्या बाजूने निर्णय दिला. इतर मुलांना बालपण आईवडिलांच्या तोंडून कळते, या मुलांना ते फाईलमधूनच कळू शकते, असे या निर्णयामागील मर्म सांगता येईल. इंग्लंडमध्ये अशा बालकांच्या नोंदी त्यांच्या वयाच्या ७५ व्या वर्षापर्यंत जतन केल्या जातात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चौकशी आयोगाने २०१७ च्या अंतिम अहवालाचा एक संपूर्ण खंड नोंदी व माहितीची देवाणघेवाण या विषयास दिला आहे.

महाराष्ट्रासही हा प्रश्न परका नाही. पुण्यात जन्मून जर्मनीतील कुटुंबात दत्तक गेलेल्या अरुण डोहले यांना आपल्या जन्मासंबंधीची कागदपत्रे मिळविण्यासाठी अनेक वर्षे न्यायालयीन लढा द्यावा लागला. आज लिहिलेली नोंद तीस-चाळीस वर्षांनी तेच बालक वाचणार आहे, ही जाणीव प्रत्येक कार्यकर्त्यास असावयास हवी.

८. प्रशिक्षणाचा आशय

वरील विवेचनाच्या आधारे प्रशिक्षणात पुढील घटकांचा समावेश असावा.

अ) वस्तुस्थिती, सांगोवांगी व मत यांतील भेद : प्रत्येक विधानापुढे ‘पाहिले’, ‘अमुक व्यक्तीने सांगितले’ किंवा ‘कार्यकर्त्याचे मत’ यांपैकी काय लागू आहे, हे ओळखण्याचा सराव द्यावा.

आ) भाषा : ‘अनौरस’, ‘गुन्हेगार मुलगा’, ‘चारित्र्यहीन आई’ यांसारखे शब्द टाळून वर्तनाचे वर्णन करावे. बालकाने भविष्यात वाचल्यास त्यास अपमान वाटेल काय, ही कसोटी प्रत्येक वाक्यास लावावी.

इ) बालकाचा आवाज : लहान किंवा दिव्यांग बालकाच्या बाबतीत हावभाव, चित्रे व खेळ यांतून व्यक्त झालेल्या गोष्टींची नोंद कशी करावी, हे शिकवावे.

ई) घटनाक्रम व वंशावळीचा आराखडा : एका पानावर दिनांकवार घटना व कुटुंबातील नाती मांडल्यास नवा कार्यकर्ता अल्पावधीत प्रकरण समजून घेऊ शकतो.

उ) दुरुस्ती : चुकीचा मजकूर खोडून अवाच्य करू नये. त्यावर एकच रेघ मारून शेजारी योग्य मजकूर, दिनांक व सही करावी.

ऊ) गोपनीयता व जतन : फाईल कुलूपबंद ठेवणे, बालकाचे छायाचित्र वा अहवाल भ्रमणध्वनीवरील समूहात न पाठविणे आणि संगणकीय संकेतशब्द इतरांस न देणे या सवयी लावाव्यात. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा संमत झाल्याने ही जबाबदारी अधिक गंभीर झाली आहे.

जतनाच्या बाबतीत एक महत्त्वाचा भेद प्रशिक्षणात स्पष्ट व्हावयास हवा. विधिसंघर्षग्रस्त बालकास नव्याने जीवन सुरू करता यावे, म्हणून अपवादात्मक प्रकरणे वगळता त्याच्या दोषसिद्धीच्या नोंदी विहित मुदतीनंतर नष्ट करण्याची तरतूद आहे. याउलट निराधार वा दत्तक बालकाच्या बाबतीत नोंद नष्ट होणे म्हणजे त्याची ओळखच नष्ट होणे होय. एका बालकाचे हित नोंद पुसण्यात, तर दुसऱ्याचे ती जपण्यात असते. कोविड काळात आईवडील गमावलेल्या बालकांचे उदाहरणही येथे उपयुक्त आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये अशा बालकांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदतठेव ठेवली व ती २१ व्या वर्षी मिळावयाची आहे. तोवर बालकाची कागदपत्रे सुरक्षित राहिली, तरच त्या लाभास अर्थ राहील.

९. प्रशिक्षणाची पद्धती

नोंदलेखन व्याख्यानाने येत नाही, लिहून व तपासूनच येते. म्हणून तीन दिवसांची कार्यशाळा आणि त्यानंतर सहा महिने पर्यवेक्षण अशी रचना सुचविता येईल. पहिल्या दिवशी कायदा व तत्त्वे यांचा परिचय करून द्यावा. दुसऱ्या दिवशी एकच गृहभेट नाट्यरूपात सादर करून सर्व प्रशिक्षणार्थींकडून स्वतंत्रपणे नोंद लिहून घ्यावी व त्या नोंदी परस्परांशी ताडून पाहाव्यात. एकाच प्रसंगाच्या वीस नोंदी किती भिन्न असतात, हे पाहिल्यावर निरीक्षण व अनुमान यांतील अंतर निराळे समजावून सांगावे लागत नाही. तिसऱ्या दिवशी कल्पित फाईल देऊन तिच्या आधारे समितीसमोर शिफारस मांडण्याचा सराव घ्यावा. खऱ्या बालकांच्या फायली प्रशिक्षणासाठी वापरणे कटाक्षाने टाळावे.

पुढील सहा महिने पर्यवेक्षकाने दरमहा काही नोंदी तपासून लेखी अभिप्राय द्यावा. नोंद त्याच दिवशी, अथवा फार तर दुसऱ्या दिवशी पूर्ण व्हावी, यासाठी कार्यालयीन कामाच्या वेळेत लेखनाचा वेळ राखून ठेवणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. अंगणवाडी सेविका, शिक्षक व पोलीस पाटील यांसाठी अर्ध्या दिवसाचे सुलभ सत्र घ्यावे. बालकाविषयीची पहिली माहिती अनेकदा त्यांच्याकडूनच मिळते.

१०. समारोप

बालसेवांमधील नोंद ही कार्यालयीन औपचारिकता नसून सेवेचाच एक भाग आहे. तिच्या आधारे आज समिती निर्णय घेते, उद्या दुसरा कार्यकर्ता काम पुढे नेतो आणि अनेक वर्षांनी ते बालक स्वतःचा भूतकाळ समजून घेते. या तिन्ही वाचकांस उपयोगी पडेल अशी नोंद लिहिण्यासाठी कायद्याचे ज्ञान, स्थानिक समाजजीवनाची जाण आणि शब्दांविषयीची जबाबदारी यांची गरज असते. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात, जेथे कुटुंबे गाव व शहर यांत विभागलेली आहेत आणि मुलांची बोली कागदावरील भाषेहून वेगळी आहे, तेथे ही गरज अधिकच जाणवते. महाविद्यालये, जिल्हा बाल संरक्षण कक्ष व स्वयंसेवी संस्था यांनी एकत्र येऊन असे प्रशिक्षण नियमितपणे घेतल्यास बालकांविषयीचे निर्णय अधिक न्याय्य होण्यास निश्चितच साहाय्य होईल.